तीन नंबरचं विमान

तांदिलचा तळ. तीन विमानं, एक इंजिन.
परेडच्या आदल्या रात्री सार्जंट एव्हारिस्तो ठरवतो
यंदा ते कुणाच्या पोटात घालायचं.

आज परदेशी पाहुणे आलेत.
गुळगुळीत कागदावर करडं, टोकदार, कोरं विमान;
क्षेपणास्त्रांचा दर वेगळा, मागच्या पानावर.
जनरलसाहेब पान उलटत नाहीत.
सांगून आलेल्या स्थळाचा फोटो पाहावा
तसे पाहत राहतात.

'हप्त्यानं जमेल?' कुणीतरी विचारतं.
दुभाषी मुलगी खोकते,
आणि भाषांतरात तो शब्द जरा इभ्रतीचा करते.

एव्हारिस्तो दाराशी, माते ओढत,
त्याच पानांवर तिसऱ्यांदा पाणी घालून.
त्याला विचारायचं होतं, टायर धरून का ही किंमत?
मार्चपासून वैमानिक पोरं
खुर्चीत बसून, डोळे मिटून उडतात.
वळणावर तोंडानं आवाज काढतात.

सगळी सोंगं आणता येतात म्हणे, एक पैशाचं सोडून.
साहेब सही करतात.
पेनही पाहुण्यांचंच.

बाहेर पाम्पाचा वारा.
तीन नंबरच्या शेपटीत, जिथून आग निघायची तिथे,
ओर्नेरो पक्ष्यानं मातीचं घरटं पुरं केलंय.
एव्हारिस्तो नोंदवहीत लिहितो:
पिल्लं उडेपर्यंत उड्डाण नाही.