निळा म्हणजे कोरडं

बार्सेलूशच्या कारखान्यात, मागच्या खोलीत,
मी कोंबड्यांना हवामान लावते.
प्लॅस्टरचे पांढरे कोंबडे, एका फळीवर ऐंशी.
तुरा लाल, तो दुल्सिदियाच्या टेबलावर होतो;
पंख आणि शेपूट माझ्याकडे.

जिलेटिन कोमट करायचं, उकळू द्यायचं नाही,
त्यात कोबाल्ट क्लोराइड, चमचा सपाट, शीग नको.
हातमोजे घालायचे. हे अलीकडचं.
माझ्या आत्याने पस्तीस वर्षं उघड्या बोटांनी हेच केलं,
आणि पाऊस यायच्या आधी तिची नखं गुलाबी व्हायची.
नाही, हे मी रचून सांगितलं. नखं साधीच होती.
खोकला होता. त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

सेन्योर अबीलिऊ गिऱ्हाइकांना सांगतात:
निळा, तर ऊन. गुलाबी, तर पाऊस.
जांभळट, तर देवाला विचारा.
तसं नसतं ते.
कोबाल्ट कोरडा असतो तेव्हा निळा.
हवेतल्या पाण्याचे दोन रेणू येऊन टेकले, की जांभळा.
सहा आले, की गुलाबी.
पाहुणे उठून गेले, की पुन्हा निळा,
भांडी घासून पालथी घातल्यासारखा.
एवढंच. आभाळ त्याला माहीत नाही.
उद्या माहीत नाही.
जिथे उभा आहे तिथली ओल त्याला कळते,
तीही आत्ताची.

परत आलेली खोकी माझ्याकडेच येतात.
'बिघडलाय. जुलैतही गुलाबी.'
मी चिठ्ठी नाकाशी धरते:
तळलेला कांदा, कोबीच्या पानांचं सूप.
शेगडीशेजारी ठेवला असणार.
भट्टीच्या कडेला अर्धा तास, पिसं निळी.
परत पाठवताना लिहिते,
कोंबडा ठीक आहे, त्याची जागा बदला.

एव्हारिश्तु लक्झेंबर्गला गेला
तेव्हा लोकरीच्या मोज्यात गुंडाळून एक दिला.
एश गावात तो लोकांच्या न्हाणीघरांना फरशा बसवतो.
दर रविवारी फोन.
'हवा कशी आहे?'
'निळी.'
मागून पाऊस ऐकू येतो,
तिकडचा बारीक, आठवडाभर न थांबणारा.
'निळी गं आई. अगदी निळी.'
आधी वाटलं, पोरगं थापा मारतंय.
मग एकदा ब्रश धुता धुता उमगलं:
रेडिएटर चालू आहे.
खिडकी नीट लागते. भाडं भरलंय.
चार हिवाळे मी त्या एका शब्दावर झोपले.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही,
आणि कोंबडा निळा म्हणून पाऊस थांबत नाही.
थांबू नये. त्याचं काम ते नव्हे.

पुढच्या वर्षी आमच्याकडे कोबाल्ट बंद.
नवा रंग येणार, उष्णतेने बदलणारा, निरुपद्रवी.
नमुना आलाय: मुठीत धरला की फिका पडतो.
'हा तर लाजतो,' दुल्सिदिया म्हणाली.
चांगलंच आहे. हातमोजे नकोत, खोकला नको.
फक्त पाणी याच्या घरी जाणार नाही.

काल रविवार.
'हवा कशी आहे?'
बराच वेळ काही नाही. मग,
'गुलाबी झालाय गं. दोन दिवस झाले.'

गुलाबी. म्हणजे रेडिएटर बंद.
म्हणजे काम सुटलं.
किंवा खोलीतच कपडे वाळत घातलेत,
पण त्याच्या एकट्याचे असून किती असणार.
किंवा काहीतरी रटरट शिजतंय,
आणि त्याला तर अंडं उकडता येत नाही.
सहा रेणू. कुठून आले,
हे कोबाल्ट कधीच सांगत नाही.

मी कान घट्ट लावला.
पाऊस नव्हता.
कुठेतरी झाकण वाजलं,
की नुसता पाइप.

'एव्हारिश्तु,' मी म्हटलं,
'कोंबड्याचं राहू दे.'