पत्ता बदलला आहे

खातं इब्रीला चाललं.
परिपत्रक आलं तेव्हा मी कीबोर्ड उलटा धरून
त्यातली वाळू झाडत होतो
आणि खुल्फान दारात उभा, हातात अर्धा पराठा.
‘पावणेतीनशे किलोमीटर,’ तो म्हणाला,
कुणी दुखण्याचं नाव सांगावं तसं.

मी काही बोललो नाही.
देवगड ते रुवी किती, हे त्याने कधी विचारलं नव्हतं,
मीही मोजलं नव्हतं.
मोजून कोण येतं?

समोरची इमारत तीन मजली. विहीर-परवाने.
जुनी विहीर खोल करायची, मोटर बदलायची,
खजुरांना आणखी एक पाइप द्यायचा,
सगळ्याला अर्ज लागतो, आणि अर्जाला मी.
एकोणतीस वर्षं उजवीकडून डावीकडे लिहीत
त्या तीन मजल्यांच्या सावलीत
दोन मुलींची लग्नं केली.

गंमत म्हणजे खुल्फान मूळचा इब्रीचाच.
आई अजून तिथे. दर गुरुवारी तिचा फोन,
‘येतोस ना?’
आणि हा म्हणतो ‘इन्शाल्ला’,
म्हणजे नाही.
आता सरकारनेच त्याला आईकडे धाडलं,
वर बदलीचा भत्ता देऊन.
‘हसू नकोस,’ तो म्हणाला.
मी हसत नव्हतो.

मला ओरोस आठवत होतं.
जिल्हा फुटला, रत्नागिरीच्या खेपा संपल्या,
त्या दिवशी बाबांनी वाडीत साखर वाटली,
आता साहेब हाकेच्या अंतरावर!
साहेब आला. शिक्का आला.
कचेरीबाहेर चहाची टपरी आली, झेरॉक्स आलं,
आणि सातबाऱ्यावर माझं नाव चढेपर्यंत
मी विमानात बसलो होतो.

परकारांच्या लतीफचे ट्रक चार दिवस लागले होते.
कपाटं उभी गेली, खुर्च्या उलट्या,
फायली खोक्यांत, खोक्यांवर त्यानेच
मराठीत लिहिलेलं: ‘सांभाळून. पाणी.’
पाट्या काढल्या तिथे भिंतीवर
गोरेपान चौकोन राहिले.
कुंजुमोनने चहाची किटली धाकटी केली.
जाताना खुल्फानने मला स्टेपलर दिला,
मग परत येऊन पिनांची डबी.

आणि रविवारी झुवैना आली.
इब्रीच्याही पलीकडच्या डोंगरातली,
रात्रभर बस धरून, बुरख्यावर धूळ,
पिशवीत लिंबं.
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
कुलपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
म्हटलं, ‘आई, तुझी कचेरी तुझ्या दारात गेली,
आणि तू तिच्या.’
ती एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मी एसीचं तोंड तिच्याकडे वळवलं.
म्हटलं, तिथेही आता टायपिंगवाले बसतील,
एखादा पोरगा, नवा प्रिंटर,
पुन्हा इतक्या लांब यायचं कारण नाही.
हे सांगताना मला खरंच बरं वाटत होतं,
आणि वाटत नव्हतं.
ती म्हणाली, ‘आलेच आहे तर तूच लिही.
माझ्या विहिरीची खोली तुला पाठ आहे.’

सदतीस मीटर. पाठ होती.

मस्कतचा मीम अनामिकेखाली येतो
आणि उच्चारताना ओठ मिटतात.
इब्रीचा ऐन तर्जनीखाली,
आणि तो काढायचा घशातून,
आमच्याकडच्या माणसाला जन्मात जमत नाही.
पत्त्याच्या ओळीवर अनामिका आपसूक पडली.
खोडलं. पुन्हा पडली.
तिसऱ्यांदा मी तर्जनी उचलून
डोळ्यांनी बघत बघत
ऐनवर ठेवली.

कागद घेऊन ती दारापर्यंत गेली,
वळली, विचारलं,
‘आणि तुझं गाव? तिथे कचेरी आहे?’
म्हटलं, आहे.

सहा लिंबं टेबलावर होती.
एकाला अजून पान.