इतर

कर्वे रोडवरच्या सहकारी बँकेत
कर्जाच्या अर्जावर 'व्यवसाय' असा एक रकाना होता.
मी लिहिलं, माहितीपट निर्माती.
चष्मा कपाळावर सरकवून खांबेटे बाई म्हणाल्या,
म्हणजे लग्नाचं शूटिंग?
तेही करते, म्हटलं. त्यावरच तर हे चालतं.
माझ्या अक्षरांवर त्यांनी एक सरळ रेघ ओढली
आणि वर लिहिलं
इतर.

तेवीस वर्षं झाली, बाई.
आईनं एकदाच विचारलं होतं, तू नक्की करतेस काय?
कॅमेरा तू धरत नाहीस,
पडद्यावर तू दिसत नाहीस.
म्हटलं, सगळ्यांना वेळेवर चहा मिळाला का ते बघते,
कुणाचे पैसे राहिले ते बघते,
कोण रुसलंय, का रुसलंय.
आई म्हणाली, म्हणजे लग्नघरातली थोरली जाऊ.
याहून नेमकं
मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

चाकणच्या एका गिअर कारखान्याची फिल्म केली,
तिच्या पैशात बोहरी आळीतले चार महिने निघाले.
शब्बीरभाई. तराजू दुरुस्त करायचे.
दुकान इतकं अरुंद
की कॅमेरा आत गेला की सुहृदला
बाहेर दोरखंडांच्या ढिगावर बसावं लागे
कानाला हेडफोन लावून,
आणि हमाल त्याला विचारत, मॅच कुठवर आली?

लांबच्या देशातल्या एका निधीवाल्या बाईंनी
स्क्रीनवरून विचारलं, यात संघर्ष कुठे आहे?
त्या दिवशी शब्बीरभाई
एका सोनाराच्या काट्याचं पारडं
फुंकर मारून साफ करत होते.
जोरात मारली तर पारडं डुलतं,
हळू मारली तर धूळ बसून राहते.
मी हे सांगितलं.
त्यांनी मान डोलावली, आणि दोन महिन्यांनी पत्र आलं,
कळवण्यास खेद वाटतो.

पहिला खेळ एरंडवण्यात. एकोणीस माणसं.
त्यातली तिघं पुढच्या मधुमेहाच्या व्याख्यानाला
जागा धरायला आलेली.
शेवटी एक गृहस्थ उभे राहिले.
विषय बरा आहे, म्हणाले,
पण ऐंशी मिनिटं म्हणजे जरा अतीच.
एकोणिसात शब्बीरभाई नव्हते.
ते मार्चमध्येच गेले.

मग परवा तस्नीमचा फोन आला, त्यांच्या मुलीचा.
फिल्म बघितली, छान आहे.
पण बावाजी तुमच्या फिल्ममध्ये किती बोलतात!
घरी ते बोलायचेच नाहीत.
नुसते बसलेत, काटा थांबायची वाट बघतायत,
असं काही आहे का तुमच्याकडे?

होतं.
अकरा मिनिटं, एका दमात घेतलेली.
मीच काढायला लावली होती.
इथं लोक उठतील, म्हटलं होतं मी, एडिटरच्या खांद्यावर हात ठेवून,
जशी थोरली जाऊ सांगते.

ती डिस्क आता फिरत नाही.
लावली की टक टक करते, बस्स.
धूळ नसलेल्या खोलीत उघडावी लागेल, असं दुरुस्तीवाला म्हणाला,
चाळीस हजार, शिवाय खात्री नाही.
म्हणून हा अर्ज, बाई.
कर्जाच्या कारणात मी 'घरदुरुस्ती' लिहिलंय,
तेवढं असू द्या.

जामीनदार?
सुहृद बाहेर आहे, स्कूटरवर.
हल्ली तो मालिकांचा आवाज करतो, मुंबईत,
पगाराची स्लिप आहे त्याच्याकडे.
त्या अकरा मिनिटांत, मला आठवतं,
सातव्या मिनिटाच्या आसपास तो बाहेर सणसणीत शिंकतो.
टेक वाया गेला म्हणून मी कपाळाला हात लावलेला.
आत शब्बीरभाई,
काट्यावरची नजर न काढता,
सगळ्या अकरा मिनिटांत एवढं एकच बोलतात,
शतंजीव.