विळा लाल झाला तर

दहावी ब ची प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची खोली.
एकच नळ, तोही अर्धवट बंद होणारा,
आणि कपाटात बाटल्या,
ज्यांच्या चिठ्ठ्यांवरची नावं आम्लाने केव्हाच खाल्लेली.
गायधनी बाई वासावरून ओळखायच्या.
आम्हाला मात्र दम: नाक खुपसू नका,
हाताने वारा घ्या, लांबून.

संयुजा मला कळत नव्हती.
सोडियमला एक हात, ऑक्सिजनला दोन, कार्बनला चार,
बाई फळ्यावर हात काढत जायच्या
आणि मी हेलियमपाशी अडकायचे,
त्याला कुणाचाच हात नको, असं कसं?
समीकरण जुळेना म्हणून एकदा
पाण्याच्या पोटात आणखी एक ऑक्सिजन कोंबला.
वहीवर लाल शेरा:
हे पाणी नाही. हे पिऊ नकोस.

आमचं घर तांबट आळीत.
सकाळी सातपासून ठोके,
घंगाळाचे वेगळे, हंड्याचे वेगळे,
झोपेतही मला कळायचं दादा काय घडवतायत.
आमच्याकडे तांब्याला सीयू म्हणत नसत.
तांबं म्हणजे दादांच्या नखांतली हिरवी रेघ,
आईच्या बोटांना लागलेली चिंच, मीठ, राख.
वर्गात हे मी कधी बोलले नाही.
पुस्तकात तांब्यापुढे छापलं होतं: क्रियाशीलता कमी.
त्या वर्षी दुकानात गिऱ्हाईकही कमी.
सगळे स्टीलच्या मागे.

मग एका मंगळवारी
बाईंनी मोरचुदाचं निळं पाणी केलं,
दोऱ्याला लोखंडी खिळा बांधून आत सोडला.
सांगा, काय होईल?
पहिल्या बाकांनी पुस्तकात डोकं घातलं.
शेवटच्या बाकावरून संपत मोगल,
दिंडोरीकडून यष्टीने येणारा,
बाह्यांवर न जाणारे निळे डाग असलेला,
बसल्या बसल्या म्हणाला,
"लाल व्हईल. चुना घातला नाही ना तुम्ही."

वर्ग हसला.
बाई हसल्या नाहीत. चुना कुठून आला मध्येच?
"द्राक्षावर बोर्डो मारतो आम्ही, बाई.
मोरचूद अन् चुना. टाकीत इळा बुडवायचा.
इळा लाल झाला तर चुना कमी पडला.
तसंच मारलं तर पानं जळत्यात."

बाईंनी त्याच्या हातात खडू दिला.
त्याने बाण नाही काढला, कंस नाही.
शंभर लिटर, लिहिलं. एक किलो. एक किलो.
आणि खाली, विळ्याचं चित्र.
बाईंनी त्या विळ्याखाली समीकरण लिहिलं,
दोन्हींच्या भोवती एकच चौकट केली,
आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

तोवर खिळ्यावर लाली चढली होती,
निळ्याचं निळेपण उतरत होतं.
लोखंडाने तांब्याला बाहेर ढकललं, बाई म्हणाल्या,
त्याची जागा घेतली. विस्थापन.
मी पहिल्यांदा हात वर केला.
बाई, बाहेर ढकललेलं तांबं संपतं का?
"संपेल कसं? हे काय, खिळ्यावरच बसलंय."

सहामाहीत मला चौतीस, संपतला अकरा.
त्याने उत्तरात चुना लिहिला होता.
पेपर बाईंनी नव्हता तपासला.

खिळा मी कंपासपेटीतून घरी आणला.
दादांनी ऐरणीवर ठेवला, नखाने खरवडला,
बोटाला लालसर भुकटी लागली.
"कच्चं आहे," म्हणाले. "ठोका सोसायचं नाही."
मी म्हटलं, आत लोखंड आहे, दादा.
"दिसतंय."
मग कातरकाम झालेल्या पत्र्याचे तुकडे
ज्या डब्यात जमवायचे, तांब्याचे,
त्यात टाकला त्यांनी तो.
पुढचा हंडा ओढला.