ब्रेक

रात्री साडेअकराला हैदराबादहून फोन येतो.
भुसावळची भिंत अजून तापलेली असते,
पाठ टेकवली की उठवून बसवते.
श्रीकर म्हणतो, मॅडम, ओपनिंग आहे,
जावा, सहा वर्षं अनुभव, तीन महिने एक्स्टेंडेबल.
तीन महिने आणि एक्स्टेंडेबल
यांच्या मधे तो श्वास घेत नाही.

आजचा हा चौथा.
चौघांच्या हातात एकच नोकरी,
चौघांचा भाव वेगळा.
सावद्याला एकाच बागेतल्या घडाला
बांधावर एक भाव, गाडीत चढताना दुसरा,
आणि दिल्लीत कोण काय देतं
हे घडाला कुणी सांगत नाही.
मी विचारते, मूळ कंपनी कितीला घेते मला?
श्रीकर हसतो. ते कॉन्फिडेन्शियल असतं, मॅडम.

मागचं कॉन्ट्रॅक्ट अकरा महिन्यांचं.
मेलच्या पत्त्यात माझ्या नावाआधी
ई-एक्स-टी, तीन अक्षरं.
बाकीच्यांना चूलबंद आवतण,
मला घरटी एक.
एका शुक्रवारी साडेचारला लॉगिन बंद झालं.
मी एका फंक्शनच्या मधोमध होते,
कंस उघडाच राहिला.
यावलच्या मुबारक तडवीचं सोमवारी गेलं.
फोनवर म्हणाला, ताई, आता तो कंस कोण बंद करेल?
आम्ही हसलो.
बराच वेळ हसलो.

फैजपूरहून बघायला आलेले विचारतात,
परमनंट का?
आई म्हणते, घरूनच काम आहे तिचं,
आणि शेवेची बशी पुढे सरकवते.

अप्पा रेल्वेत. पस्तीस वर्षं डब्यांचे ब्रेक-ब्लॉक बदलले,
आता पेन्शन, पास, महिन्याला दवाखान्याच्या गोळ्या.
परवा मी चिडून म्हणाले,
तुम्हाला नाही कळणार, तुमचं पहिल्या दिवसापासून पक्कं.
ते काही बोलले नाहीत.
उठून पासच्या पाकिटातून एक कार्ड काढलं,
कधीकाळी निळं असावं.
कॅज्युअल लेबर. जांभळे शिक्के
जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, मग एक घर कोरं,
मग पुन्हा पहिल्यापासून.

"एकशेवीस दिवस सलग भरले का
नाव चढे रजिस्टरात.
म्हनून एकशेएकोणिसाव्या दिवशी सायेब सांगे,
उद्या येजो नको."

किती वर्षं?
"सात."
त्या दिवशी काय करायचात?
अप्पांना आठवायला वेळ लागतो.
"डबा घेऊन निंघे मी. घरी कळाले नको.
तापीच्या पुलाखाली बसे, गाड्या ऐके.
आवाजावरून कळे मले, कोन्त्या डब्याचा ब्लॉक झिजला.
सांगू कोनाले? त्या दिवशी मी रेल्वेचा नव्हतो."

मग पक्के कसे झालात?
"युनियन होती."
कार्ड परत पाकिटात जाता जाता
"तुमची हाये का?"

आमचा एक ग्रुप आहे, दोनशे बारा जण,
वर्षभर म्यूट.
कुणी भाव सांगत नाही,
सांगितला तर दुसरा शंभर कमी सांगेल.

श्रीकरचा मेसेज:
मॅडम, क्लायंटने रेट थोडा खाली आणलाय, चालेल ना?
तीन महिने म्हणजे नव्वद दिवस,
एकशेएकोणीससुद्धा नाहीत.

मी त्याला उत्तर देत नाही.
मुबारकला लिहिते,
तुला कितीचा आकडा सांगितलाय?
माझा हा.
आणि माझा आकडा लिहून टाकते, उघडा.

स्क्रीनवर दिसतं, तो टाइप करतोय.
थांबला.
यार्डात एक मालगाडी लांब कण्हत उभी राहते.
टाइप करतोय.