अकरावा रकाना

मेडिकल कॉलेजातून छापील तक्ते आले
सांग्याच्या आमच्या शाळेला, नववी-दहावीसाठी.
नाव, वय, उंची, वजन, कंबर, दंड,
उजवा डोळा, डावा डोळा,
घरात कुणाला चष्मा, उन्हात रोज किती तास,
आणि अकरावा रकाना: शेरा.
टेप माझ्या हातात. मी पीटीचा मास्तर.
मुलं मोजायची सवय तुम्हालाच, म्हणाले मुख्याध्यापक,
आणि चहाला गेले.

भिंतीला पाठ. टाचा टेका. हनुवटी खाली.
अक्षदा गांवकर, एकशे एक्कावन्न.
वजन मोठ्यानं सांगू नका हां सर.
नाही सांगत, बाय. लिहितो फक्त.
ग्लेन्सन पोट आत ओढून उभा.
मी टेप धरून थांबतो.
किती वेळ धरशील श्वास?
पुरो सर, म्हणतो, आणि सोडतो.
सकाळचे तीन पाव टेपवर येतात.

मग चेतस वेळीप. आमचा गोलकीपर.
गेल्या जूनपासून अकरा सेंटीमीटर.
परत मोजलं, तरी अकरा.
पँटची दुमड आईनं दोनदा उसवलेली,
घोट्याच्या वर दोन गडद रेघा,
साळावलीचं पाणी उतरलं की
काठावर राहतात तशा.

डोळ्यांचा तक्ता फळ्यावर.
वर्गात वीस फूट भरेनात,
म्हणून खडूची रेघ व्हरांड्यात.
गेल्या वर्षी यानंच शेवटची ओळ
घडाघडा म्हटली होती.
यंदा तक्ता नवा.
वाच.
गप्प.
वाच रे.
सर, ह्या वर्षी 'प' नाही?

म्हणजे रांगेतल्या पुढच्या सोळा जणांचं ऐकून
त्यानं अख्खा तक्ता पाठ केला होता.
ज्याला सातचा पाढा येत नाही, त्यानं.

केप्याशी सामना होता तेव्हा.
कॉर्नरवरून चेंडू आला, हा उशिरा उडाला.
मी रेघेवरून ओरडलो,
डोळे काय घरी ठेवून आलास?
सगळं मैदान हसलं. तोही हसला.
नंतर म्हणाला, सर, लांबचा चेंडू
एकदम जवळच येतो.
मला वाटलं, कारणं सांगतोय.
दहा फेऱ्या दिल्या.

तक्ते न्यायला आलेली डॉक्टरीण तरुण,
चप्पल खाणीच्या धुळीनं लाल.
मी विचारलं, उंच झाला म्हणून का?
म्हणाली, वाढत्या वयात डोळाही लांबतो,
एखादा मिलिमीटर,
आणि चित्र पडद्याच्या अलीकडेच पडतं.
पण उंचीमुळे? कंबरेमुळे?
धागा असेल. बारीक असेल.
शेकडो मुलं मोजली की दिसेल,
नाहीतर दिसणारही नाही.
एका मुलावरून काही सांगता येत नाही, सर.

माझ्याकडे तर एकच मुलगा होता.

गोलची रुंदी मला झोपेत विचारा,
सात मीटर बत्तीस.
उंची दोन चव्वेचाळीस.
त्या चौकटीतून त्याला काय दिसत होतं
हे मात्र मी कधी मोजलं नाही.
अकराव्या रकान्यात लिहिलं: दहा फेऱ्या.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे काय?
राहू दे, म्हटलं. हे माझं आहे.

चष्मा कुडचड्याहून आला. वजा पावणेतीन.
मागे काळी दोरी, बुटाच्या नाडीची.
संध्याकाळी गोलमध्ये उभा राहिला,
मी मैदानाच्या मधोमध.
खूप वेळ नुसता बघत होता.
मग तिथूनच हाक,
सर, तुमच्या मिशीत पांढरे केस आहेत!
ग्लेन्सन खाली बसून हसला.

पहिलाच उंच चेंडू सुटला.
उडताना हात चष्म्याकडे गेला त्याचा.
मी ओरडायला तोंड उघडलं,
आणि उघडलंच आहे म्हणून
शिट्टी घातली त्यात.
परत, म्हटलं.
परत मारा.