दोन पावांमधला कागद

साडेचारला बर्फ सारायची गाडी बाहेर काढतो मी,
त्याआधी पावाचे चार काप.
फिनमार्कच्या या टोकाला जानेवारीत
तिन्ही त्रिकाळ अंधार,
पहाट म्हणायचं ते घड्याळ म्हणतं म्हणून.

डबा कसा असावा हे आमच्याकडे केव्हाच ठरून गेलंय:
जाडाभरडा पाव, तपकिरी चीज,
फार तर टोमॅटोतला बांगडा,
आणि काकडी, घामेजून झाकणाला चिकटलेली.
वडिलांनी हेच खाल्लं, त्यांच्या वडिलांनी हेच,
आणि कुणी कुरकुरलं नाही,
कुरकुरायला तोंड रिकामं लागतं.

सुनिवा कुरकुरली.
"पप्पा, डबा उघडला की मला जांभई येते."
दुसरीतली पोर, समोरचे दोन दात पडलेले,
तिची जांभई आरपार दिसते.

मग मी चीजचा देवमासा कापला.
उणे पंधरात टायरला साखळ्या बांधणारी ही बोटं,
तरी बरा जमला होता, खरंच.
पण दप्तरात तो चार तास पोहला
आणि मधल्या सुट्टीत वर आला तेव्हा
आस्लाक म्हणाला, "बटाटा आहे."
काकडीच्या चांदण्या केल्या. अंगठ्याला तीन टाके.
गाजराचं रेनडिअर केलं, शिंगं वाटेतच गळाली.
हिवाळ्यात गळतातच, मी म्हटलं.
तिला पटलं नाही.

उरला कागद.
काप एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये घालतात तो,
पातळ, पावाच्याच मापाचा,
ज्याच्याकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.
पेन्सिल घेतली आणि लिहिलं:
"एक बकरी होती. तिनं विचारलं, माझं चीज कुठे नेलंत?"
दुसऱ्यावर: "ती तडक बर्फगाडीत चढली."
तिसऱ्यावर: "तिला गाडी येत नव्हती. म्हणून काय झालं?"

चार काप, तीन कागद, रोज तीन ओळी.
वरचा काप संपल्याशिवाय खालचा कागद वाचायचा नाही,
हा नियम सुनिवाचा, मी नाही केलेला.
आस्लाक लिव्हर पेस्टचा अख्खा काप देऊन
एक ओळ विकत घेतो म्हणे.
तोरिल बाईंनी मला दुकानात गाठलं,
बकरीला पोलिसांनी सोडलं की नाही?
दाढ दुखत होती, त्यांचा मंगळवार बुडला होता.
कधी कागद खालीवर होतात,
मग बकरी आधी पोचते आणि नंतर निघते.
चालतं. दुसरीत सगळं चालतं.

फेब्रुवारीत वादळ आलं, तीन दिवस हललं नाही.
दोन रात्री रस्त्यावर काढून
तिसऱ्या पहाटे झोपेतच पाव कापला,
लोणी, चीज, कापावर काप, झाकण, रबर.
आठवलं ते थेट बोगद्याच्या तोंडाशी:
कागद!
मागे वळायला जागा नव्हती.
दिवसभर मला दिसत होतं ते टेबल,
वाकलेली सात-आठ डोकी,
आणि चीजला चिकटलेलं चीज.

संध्याकाळी डबा रिकामा. चुरासुद्धा नाही.
अगं, म्हटलं, आज तो कागद...
"नव्हता," ती बूट ओढत म्हणाली, "मग मीच सांगितलं.
बकरी वारली."
वारली?
"समुद्रात. आस्लाक थोडा रडला.
पण तू घाबरू नकोस, शुक्रवारी परत येते.
तोवर मध्ये काही लिहू नकोस हं,
तुला माहीत नाही ती कुठे आहे."

आज गुरुवार.
तीन कागद कापलेत, कोरेच ठेवलेत.
पेन्सिल कानामागे, सवयीनं.
बाहेर इंजिन तापत ठेवलंय,
चौथ्या कापाला लोणी जरा जास्तच लागलं.
एवढा बाप्या माणूस मी,
आणि उद्यापर्यंत
दम निघत नाहीये.